उत्तरेकडच्या गोलातली माती

“सकाळी कुठे होतास?” नाम्बुंगाकाकांनी विचारले, आणि बसमधल्या सगळ्यांचे बुटांच्या नाड्या बांधणे थांबले.

बस टांगा गावच्या फुटबॉल मैदानाच्या मागच्या भिंतीला खेटून उभी होती. पाहुण्या संघासाठी मैदानात खोली होती; पण तिच्या उंबरठ्याखाली यजमानांनी काय मंतरून ठेवले असेल याचा भरवसा नव्हता. त्यामुळे लिंडीचे खेळाडू बसमध्येच कपडे बदलत होते. आत जायचे तेही दरवाजातून नव्हे, भिंत चढून. या गावात पाणी प्यायचे नाही, खायचे नाही, कोणाच्या हातात हात द्यायचा नाही, असे नाम्बुंगाकाकांनी आदल्या दिवशीच बजावले होते. ते लिंडीच्या ‘कोरोशो’ क्लबच्या कमिटीचे प्रमुख. कमिटी नेमके काय करते हे कोणी विचारत नसे, आणि कमिटीवाचून कोणी सामनाही खेळत नसे.

“ताईकडे गेलो होतो,” हेमेदी सिंगानो म्हणाला. “इथंच राहते ती, मैदानाच्या पलीकडं.”

“ताई गोलात राहते का?” मागच्या बाकावरून लिवेंबाने विचारले. तो दुसरा गोलरक्षक. वयाने हेमेदीच्या निम्मा. “काका, मी या डोळ्यांनी बघितलं. उत्तरेकडच्या गोलात गुडघे टेकून बसला होता. हात मातीत.”

कोणीतरी हसले.

“जमीन बघत होतो,” हेमेदी म्हणाला. “गोलरक्षकानं नाही बघायची तर काय तिकीटवाल्यानं बघायची?”

“जमीन डोळ्यांनी बघतात,” नाम्बुंगाकाका शांतपणे म्हणाले. “तू हातानं काय बघत होतास?”

मांडीवरचे हातमोजे हेमेदीने उलटे केले, अस्तर बाहेर काढून काकांपुढे धरले, आणि पुन्हा सुलटे केले. तसे करायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

ही सवय म्बेयाला लागलेली. तिथल्या क्लबात प्रत्येक सामन्याआधी त्याचे मोजे उलटे करून पाहत, कारण तो दार-एस-सलामच्या मोठ्या क्लबातून आला होता. दारमध्ये तो सगळा काळ राखीव बाकावर बसला. तिथे त्याच्याकडे पाहिले जाई ते म्वान्झाचा माणूस म्हणून. म्वान्झात सरोवरातले मासे सगळे एकाच परातीतून खात, पण हेमेदीची पाण्याची बाटली कोणी तोंडाला लावत नसे, कारण तो मोरोगोरोचा होता. आणि मोरोगोरोच्या साखर कारखान्याच्या संघात, एकदा ओला चेंडू त्याच्या हातून निसटला तेव्हा ड्रेसिंगरूममध्ये ठरून गेले की टांगाच्या ‘नांगा’ क्लबाने त्याला अजून सोडलेले नाही. नांगा हा त्याचा पहिला क्लब, त्याच्या गावचा. तो मोरोगोरोला गेला त्या वर्षी नांगाच्या लोकांनी आमच्या गोलात पुरलेले मंतरलेले औषध हेमेदीने उपटून नेले असे म्हणायला सुरुवात केली होती, आणि ते अजून म्हणत होते. क्लब बदलला की त्याचा सदरा बदले. संशय मात्र जुन्या सदऱ्याचाच त्याच्याबरोबर येई.

आज हंगामाचा शेवटचा सामना होता, समोर नांगा होता, आणि दोन्ही संघ तळाला होते. बरोबरी झाली तरी कोरोशो वरच्या साखळीत टिकणार होता. नांगाला मात्र जिंकावेच लागणार होते. हेमेदीचा उजवा गुडघा आता जिना चढतानाही वाजत असे. यानंतर तो खेळणार नव्हता. आज त्याला बाकावर बसवले, तर लिंडीपासून म्वान्झापर्यंत एकच गोष्ट सांगितली जाईल: शेवटचा सामना त्याने विकला होता, वेळीच पकडला गेला.

“खरं ते सांग आणि खेळ,” नाम्बुंगाकाका म्हणाले.

खरे सांगता येण्यासारखे नव्हते.

उत्तरेकडचा गोल आज जिथे आहे तिथे पूर्वी रेल्वेच्या कामगारांची चाळ होती. त्या चाळीच्या टोकाच्या खोलीत हेमेदी जन्मला. आईने त्याची नाळ खोलीमागे पुरली आणि त्या किनाऱ्यावरच्या रीतीप्रमाणे वर नारळाचे रोप लावले. पुढे मैदान वाढवले, चाळ पाडली, नारळ तोडला. बुंधा बराचसा जमिनीतच राहिला. गोलरेषेच्या अलीकडे एक उंचवटा उरला होता. कितीही रोलर फिरवला तरी तो पावसाळ्यानंतर पुन्हा वर येई. गावात आले की त्यावर हात ठेवायचा, एवढाच हेमेदीचा नेम होता. हे हावाताईला ठाऊक होते. सकाळी तिच्याकडे चपाती आणि नारळाच्या रसातला राजमा खाताना ती म्हणालीही होती, “आज नको जाऊस तिकडं. शंभर डोळे असतील.” त्याने ऐकले नव्हते.

काकांना सांगितले असते तर ते काय म्हणाले असते हे त्याला दिसत होते. ज्याची नाळ नांगाच्या गोलात पुरली आहे, तो कोरोशोचा गोल कसा राखील? खरे ते संशयापेक्षाही वाईट होते.

शेवटी चांदेमास्तर बोलले. ते प्रशिक्षक होते आणि इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होते.

“हेमेदी खेळेल. चोर असला तरी आपल्याकडं तेवढेच पक्के हात आहेत.”

“आणि गोल खाल्ला तर?” लिवेंबाने विचारले.

“तर यानं ताईकडंच राहावं,” नाम्बुंगाकाका म्हणाले. “बसमध्ये जागा नाही.”

भिंत चढताना हेमेदीचा गुडघा अडला. वरून दोघांनी त्याला काखेत धरून ओढले, पण त्याच्या हातमोज्यांना स्पर्श होऊ दिला नाही. भिंतीवर क्षणभर बसला असता त्याला हावाताईचे पत्र्याचे छप्पर दिसले. ती दारात उभी असावी. त्याने हात केला नाही. ती खूणही कोणीतरी टिपली असती.

पूर्वार्धात तो दक्षिणेकडच्या गोलात होता आणि काही घडले नाही. उत्तरार्धात तो उत्तरेकडे चालत आला तसे गोलामागचे लोक कठड्याला येऊन चिकटले. त्यांतल्या अर्ध्यांबरोबर तो लहानपणी बंदरावर पोहला होता.

“सिंगानो, नेलेलं परत आणलंस का?” एकाने विचारले.

“त्याला काय विचारता,” दुसरा म्हणाला. “बाप रेल्वेत होता. डबा बदलायची खोड घरातलीच.”

त्यावर हेमेदीला हसू आले. विनोद चांगला होता. त्याने टाचेने गोलाच्या मध्यापासून पुढे एक रेघ ओढली. चेंडू पुढे असताना पाठीमागचा मध्य कळावा म्हणून गोलरक्षक अशी रेघ ओढतात, आणि हे गोलामागच्या प्रत्येकाला माहीत होते. तरीही कुजबूज झाली.

नांगाने जोर लावला. हेमेदीने एक चेंडू मुठीने बाहेर ढकलला, एक छातीवर घेतला. कोरोशोचे बचावपटू त्याच्याकडे चेंडू मागे देत नव्हते. देण्याची वेळ आली की बाहेर मारत. आपल्याच संघाने पाठ फिरवावी तसा तो उभा होता. शेवटच्या काही मिनिटांत नांगाचा आघाडीचा खेळाडू मोकळा सुटला आणि त्याने चेंडू जमिनीसरसा डावीकडे सरकवला. हेमेदी झेपावला. गुडघ्याने साथ दिली नाही. चेंडू बोटांपासून वीतभर अंतरावरून गेला. आपण हरलो हे त्याला पडल्यापडल्याच कळले, आणि डोके वळवून त्याने पाहिले ते केवळ पाहायला हवे म्हणून.

चेंडू उंचवट्यावर चढला, थबकल्यासारखा झाला, वळला आणि खांबाच्या बाहेरून निघून गेला.

नांगाचा तो खेळाडू चेंडूकडे पाहत नव्हता, जमिनीकडे पाहत होता. हेमेदीही तिकडेच पाहत होता.

सामना बरोबरीत सुटला. शिट्टी वाजताच लोक कठडा ओलांडून आत आले. हेमेदीला कोणी हात लावला नाही. कोणीतरी रोलरच्या खोपटातून कुदळ आणली आणि उंचवट्यावर घाव घातला. लिंडीचे खेळाडू भिंतीकडे पळाले. नाम्बुंगाकाका मात्र घोळक्याच्या कडेला उभे राहून उत्सुकतेने पाहू लागले. खड्डा गुडघाभर झाला तेव्हा खालून कुजलेल्या बुंध्याचा तुकडा आणि त्याला लगडलेला काळ्या मुळांचा गुंता निघाला, कोणीतरी दोऱ्याने बांधावा तसा.

“हे बघा, सापडलं,” कुदळवाला म्हणाला.

केरोसीन आले. तो गुंता गोलातच जाळला. ओला असल्यामुळे तो जळण्यापेक्षा धुमसत राहिला, आणि धूर हेमेदीच्या अंगावरून गेला. तो मागे सरला नाही.

नाम्बुंगाकाका त्याच्याजवळ आले. दोन वर्षांत प्रथमच त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मला आधी सांगायचं होतंस, बाबा. इतकं पक्कं काम आमच्या कमिटीलाही जमत नाही. उगाच शंका घेतली तुझ्यावर.”

“काका, मी काही पुरलं नाही.”

काका समाधानाने हसले. “असंच म्हणायचं असतं. चल, बसमध्ये पुढची जागा ठेवायला सांगतो.”

“तुम्ही व्हा पुढं.”

लोक पांगले. आग विझली. हेमेदीने हातमोजे काढून खांबाशी ठेवले, गुडघा लांब करून खड्ड्याच्या काठावर बसला आणि दोन्ही हातांनी माती आत ओढू लागला. हावाताई कठड्याशी येऊन उभी होती. ती आत आली, समोर बसली, आणि तीही माती लोटू लागली. भिंतीपलीकडे बसचा भोंगा वाजला, मग पुन्हा वाजला.

खड्डा भरला तेव्हा जमीन सपाट झाली होती. हेमेदी उठला, पावलाने माती दाबली. मग त्याने गोलाच्या मध्यापासून टाचेने पुढे रेघ ओढली, सरळ, सावकाश, आणि मोजे उचलून, भिंतीकडे न वळता, मैदानाच्या दरवाजाच्या दिशेने चालू लागला.