शेवटच्या धुण्याचं पाणी

बिडकीनच्या नव्या कारखान्यात अंतराळयानाचे व्हॉल्व्ह बनत होते आणि कारखान्याच्या भिंतीबाहेर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत होत्या. यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. नाथसागर धरणाचा तळ उघडा पडला होता, शहर मात्र पैठण रस्त्यानं इकडे सरकतच होतं, आणि माणसाला सगळ्याची सवय होते.

श्रेया बारावी झाली आणि या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली. शाळा संपवलेल्या पोरापोरींना हाताशी धरून यानाची कामं शिकवायची, अशी योजना होती, आणि तिच्या गावातून घेतलेली ती एकटीच. तिच्या वाट्याला काम आलं ते धुण्याचं. विज्ञान शिकून शेवटी धुणंच का, असं म्हणून चुलत्यानं हसून घेतलं. पण हे धुणं साधं नव्हतं. मुठीत मावेल एवढा व्हॉल्व्ह. त्याचे सुटे भाग आधी औषधात बुडवायचे, मग एकामागून एक पाण्यातून काढायचे. शेवटचं पाणी इतकं शुद्ध की त्यात क्षाराचा कण नाही. आणि ते एकदा वापरलं की ओतून द्यायचं. शिकवणाऱ्या अंबिका मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एकदाच. कितीही स्वच्छ दिसलं तरी."

"का, मॅडम?"

"आपल्याला दिसत नाही ते त्यात उतरलेलं असतं म्हणून."

श्रेयानं मान हलवली, पण पहिली बादली मोरीत ओतताना तिचा जीव तुटला. तिच्या घरी भाजी धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात फिरे, आणि उरलेलं परसातल्या शेवग्याला जाई. अशा घरातल्या पोरीला काचेसारखं पाणी ओतून दे म्हणायचं, हा जुलूमच झाला.

उन्हाळा चढला तसं तिनं ओतणं थांबवलं. एका खेपेचं शेवटचं पाणी ती झाकून ठेवी आणि पुढची खेप त्यातच काढी. कधी त्याच्याही पुढची. याला कामचुकारपणा म्हणावं का? आमच्याकडे याला संसार म्हणतात. बाकीच्या शिकाऊ पोरांनी पाहिलं, कुणी काही विचारलं नाही, आणि सगळेच तसं करू लागले. सगळे टँकरच्याच गावांतले होते. अंबिका मॅडम त्या दिवसांत जोडणीच्या खोलीत अडकलेल्या असत. तपासणीत व्हॉल्व्ह झाडून सगळे पास झाले आणि खोक्यांत बंद होऊन रवाना झाले.

ऐन उन्हाळ्यात व्यवस्थापक मुकुंद सरांनी सगळ्यांना पटांगणात गोळा केलं. कारखान्याला लागणारे टँकर कमी झाले होते, वरचे साहेब खूश होते. धुण्याला सगळ्यांत कमी पाणी तिचंच लागलं, म्हणून सरांनी श्रेयाला पुढं बोलावून तिची पाठ थोपटली. पाणी वाचलं कसं, हे त्यांनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. टाळ्या वाजत राहिल्या आणि ती मान खाली घालून पोरांत जाऊन उभी राहिली.

पाऊस नावापुरता येऊन गेला. यानाच्या उड्डाणाची तारीख लागली. त्यात श्रेयाच्या हातचे व्हॉल्व्ह बसले होते. यान पृथ्वीपासून लांब जाईपर्यंत ते घट्ट बंद राहणार आणि मग इंधन सोडायला एकदाच उघडणार. घरची तोटी अडकली तर माणूस पान्यानं ठोकून बघतो. तिथं ठोकायला कोण जाणार?

उड्डाण तोंडावर आलं असताना अंबिका मॅडमनी पोरांना दाखवायला म्हणून कोठीत राखून ठेवलेला एक व्हॉल्व्ह काढला. उन्हाळ्यातलाच, यानातल्यांचा जुळा भाऊ. त्याला वीज दिली, तो उघडेना. पुन्हा वीज दिली, तरी उघडेना. मॅडमनी तो खोलला, भिंगाखाली धरला आणि फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "बघा रे, हे काय असेल?"

श्रेयानं भिंगाला डोळा लावला. आतल्या कडेला इतक्या महिन्यांत पांढुरकी साय धरली होती. ही साय तिनं जन्मभर पाहिली होती. बोअरचं पाणी आटलं की घागरीच्या बुडाला धरते तीच.

मूग गिळून बसता आलं असतं. तिनं तसं केलं नाही, हे तिच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे. बाकीची पोरं डबे खायला गेल्यावर तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम तिला रागावल्यासुद्धा नाहीत. तिचा हात धरून त्या तिला तडक मुकुंद सरांकडं घेऊन गेल्या.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी दार लावलं.

"कोठीत ओल असते," ते म्हणाले. "तेवढ्यानंही अडकला असेल."

"नाय सर. ते त्या वापरलेल्या पाण्याचंच हाये. मला वळखू येतं."

"आणि यानातले उघडतीलही. नाही का, अंबिका?"

"उघडतीलही," मॅडम खाली बघत म्हणाल्या. "सांगता येत नाही."

सरांनी टेबलावरचा फोन उचलून श्रेयापुढं ठेवला. त्यांचा आवाज मायेचा होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "हे बघ बाळ, मी तुला अडवणार नाही. यानवाल्यांचा नंबर मीच लावून देतो. तू सांग, उड्डाण थांबेल. मग ते विचारतील, हे कुणी केलं? बारावीच्या पोरांनी. कुठल्या? दुष्काळी गावांतल्या. पुन्हा कुणी तुमच्यासारख्यांच्या हाती यानाचा खिळा तरी देईल का? तुझ्याबरोबरची सगळी पोरं उद्या घरी जातील. विचार कर आणि बोल."

बाहेर डबे उघडल्याचा आवाज येत होता. कुणीतरी तिच्या नावानं हाक मारत होतं, ठेचा संपायच्या आत ये म्हणून. श्रेयानं मॅडमकडं पाहिलं. मॅडम खिडकीकडं बघत होत्या. फोन तिच्या हाताशीच होता, नुसतं उचलायचं होतं. तिनं हात पुढं केला, फोनच्या काळ्या पाठीवर बोटं टेकवली, आणि मागं घेतली.

"जा, जेवून घे," सर म्हणाले.

उड्डाणाच्या सकाळी कारखान्यात मांडव घातला होता. पोरांच्या घरचे लोक आले होते. पडद्यावर यान धूर ओकत वर चढलं आणि मांडवात एकच जल्लोष झाला. पेढे वाटले गेले. मुकुंद सरांनी जाहीर केलं की श्रेयाला कायम केलं आहे, आणि दिवाळीनंतर येणाऱ्या नव्या पोरींना धुण्याचं काम तीच शिकवेल. अंबिका मॅडम टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या टाळ्यांचा आवाज होत नव्हता.

तिची आई लक्ष्मीबाई इस्त्रीचं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिनं लेकीला ओढून जवळ बसवलं. पडद्यावर यानाचा आता नुसता ठिपका राहिला होता.

"तुझी ती तोटी कुठं गं त्यात?"

"आत हाये. दिसत नाय."

"आन् उघडायची कधी?"

"लई लांब गेल्यावर, आई. संक्रांतीला."

"उघडंल ना?"

श्रेयानं आईकडं पाहिलं. आईच्या तोंडावर इतका आनंद तिनं कधी पाहिला नव्हता.

"व्हय," ती म्हणाली.

"मंग आपल्या गावच्या पोरींना बी असंच शिकव," आई म्हणाली आणि अर्धा पेढा तिच्या तोंडात घातला.