छतावरचा भोपळा

माझी बायको ओतिलिया बाजारात लाल भोपळे विकायची. तिच्या शेजारी क्रिसान्ता ढोबळी मिरची घेऊन बसायची. दोघींच्या चटया एकमेकींना लागून असत, आणि गिऱ्हाईक नसलं की भांडण सुरू. क्रिसान्ता माझ्या मुलीची, माक्लोव्हियाची, धर्ममाता. त्यामुळे ती आमची कोमाद्रे आणि मी तिचा कोम्पाद्रे. असं नातं जुळलं की एकमेकांना 'तुम्ही' म्हणावं लागतं. बाकी काय वाट्टेल ते बोलायला बंदी नाही.

भांडणात तेल ओतलं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. लाल ढोबळी मिरचीत संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं, असं त्या म्हणाल्या.

"ऐकलंत का कोमाद्रे? संत्र्यापेक्षा!" क्रिसान्ता सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली.

"कच्ची खाल्ली तर. तुम्ही ती काळी होईपर्यंत भाजता, मग काय उरतं तिच्यात?" ओतिलिया म्हणाली. "माझा भोपळा डोळ्यांना चांगला, पोटाला चांगला. त्याची फुलं खा, कोवळे शेंडे खा, गर खा. बियांनी तर अंगात ताकद येते. तुमच्या मिरचीचं बी कोण खातं? कोंबड्यासुद्धा तोंड फिरवतात."

"माझी मिरची कापायला निदान कोयता लागत नाही."

"तिखट नाही ती मिरची कसली? मिरच्यांच्या घराण्यातली नन आहे ती."

गेल्या फेब्रुवारीत कांदेलारियाच्या सणाला ओतिलियाने एक मोठा भोपळा क्रिसान्ताच्या हातात दिला होता, एवढं मला आठवत होतं. त्या वेळी दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नव्हतं.

नोव्हेंबरात मृतांचा सण झाला आणि त्याच आठवड्यात ओतिलिया गेली. नऊ दिवस घरात प्रार्थना चालली. सगळं गाव येत होतं आणि आलेल्याला जेवू घालायचं, ही आमची रीत. स्वयंपाकघरात शेजारणी होत्या. गुळात शिजवलेले भोपळे संपले तेव्हा त्यांनी चुलीच्या वर टांगलेला तुंबा खाली काढला, त्यातल्या बिया भाजल्या, वाटल्या आणि पिपियान नावाचा दाट रस्सा केला. सगळ्यांनी बोटं चाटली. मीही चाटली. चव ओळखीची वाटली, पण त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

कांदेलारियाला आम्ही पेरणीचं बी टोपलीत घालून देवळात नेतो, पाद्री त्यावर पाणी शिंपडतो. सण जवळ आला तेव्हा मी ओतिलियाचा बी ठेवायचा तुंबा हलवला. आवाज आला नाही.

ते बी ओतिलियाच्या आईकडून आलेलं. गर गडद केशरी, बी जाड. शेजारच्या गावांच्या बाजारांत विचारलं, प्रत्येकाने आपापलं बी दाखवलं. चांगलं होतं, पण तिचं नव्हतं.

"दुकानातून पाकीट आणूया, बाबा," माक्लोव्हिया म्हणाली.

"मग तुझ्या आईचं शेत राहील का ते?"

ती डोळे पुसून क्रिसान्ताकडे गेली. थोड्या वेळाने क्रिसान्ता स्वतःच आली. चेहरा असा, जणू कोणी तिची कोंबडी चोरली.

"चला कोम्पाद्रे. छतावर चला. आणि हसलात तर खाली ढकलून देईन."

तिच्या छतावर, वाळत टाकलेल्या मक्याच्या कणसांमागे, जुन्या पोत्यावर ओतिलियाचा भोपळा बसला होता. अख्खा.

"तिने पैज लावली होती," क्रिसान्ता म्हणाली. "म्हणाली, तुमची मिरची आठवड्यात सुरकुतते, माझा भोपळा पुढच्या कांदेलारियापर्यंत टिकेल. मी म्हटलं, बघू. रोज वर येऊन बघायचे, कुठे तरी सडला असेल म्हणून. मेला सडतच नव्हता! हरले हे सांगायला जीभ रेटत नव्हती. तुमचं बी गेलं हे आज पोरीकडून कळलं, नाही तर मी अजूनही गप्पच बसले असते."

मी हसलो. तिने ढकललं नाही.

कोयत्याने भोपळा फोडला. एका बाजूला गर जरा मऊ पडला होता. क्रिसान्ताने लगेच बोट घातलं.

"हे बघा, सडलाय! बरोबरीत सुटली पैज!"

"बरोबरी कसली? बिया बघा."

बिया जाड, पांढऱ्या, भरलेल्या होत्या. एकीला तर आतल्या आतच कोंब फुटला होता. मी ती तळहातावर घेऊन उन्हात धरली. क्रिसान्ता बाकीच्या बिया एकेक करून पोत्यावर काढू लागली.

मग आम्ही खाली आलो. भोपळ्याच्या चांगल्या भागाच्या फोडी आणि तिच्या लाल मिरच्या कांद्याबरोबर एकाच तव्यावर परतल्या. माक्लोव्हियाने मक्याच्या टॉर्टिया भाजल्या. मिरचीने भोपळ्याचा गोडवा जागा केला, भोपळ्याने मिरचीला अंग दिलं. हे मी क्रिसान्तासमोर बोललो नाही, ती डोक्यावर बसली असती.

कांदेलारियाला आम्ही देवळात शेजारी शेजारी उभे राहिलो. माझ्या टोपलीत ओतिलियाचं बी, तिच्या टोपलीत दुकानातल्या मिरचीच्या बियांची पाकिटं. पाद्री आला, भरपूर पाणी शिंपडून पुढे गेला.

"तुमच्यावर जास्त पडलं," क्रिसान्ता कुजबुजली.

"तुमचं पाकिटात आहे, कोमाद्रे. आत जाणार कसं?"

तिने तिथेच, देवासमोर, दातांनी पाकीट फाडलं आणि पाद्रीला मोठ्याने हाक मारली, "फादर, मागे या!"

माक्लोव्हियाने तोंडावर शाल ओढली. मी मात्र खुशाल हसलो.