पाण्याच्या बाजूची खिडकी

गोरक्षकाकांनी नवी गाडी घेतली आणि पहिली चक्कर भंडारदऱ्याला मारायची ठरली. तिथे तलावाच्या काठाने डोंगरातून एक रस्ता जातो. लोक नुसती गाडी चालवायला तिथे लांबून येतात.

बेलापूरहून निघताना मागच्या सीटवर तिघं बसली. मधे आजी मालनबाई, कारण घाटात तिला मळमळायचं; समोर बघत बसलं की बरं वाटायचं. डाव्या खिडकीशी काकांचा पार्थ, उजव्या खिडकीशी त्याची चुलत बहीण ज्ञानेश्वरी. दोघंही चौथीत.

राजूर मागे पडलं, शेंडी गेलं आणि झाडांमागून एकदम तलाव उघडला. तो नेमका पार्थच्या बाजूला होता.

"आईशप्पथ! समुद्रच आहे हा!" पार्थ काचेला नाक लावून ओरडला.

ज्ञानेश्वरीच्या खिडकीत नुसता डोंगर. गाडी त्यांची, आणि आता तलावही त्यांचाच! ती आजीच्या पाठीमागून मान काढून बघू लागली, तसा पार्थ मुद्दाम रुंद होऊन बसला.

"आजी, बघ ना याला!"

"तुझ्याकडं डोंगर आहे ना? तो बघ की," पार्थ म्हणाला.

"आगं, जळतीस कशापायी?" आजीने तिची समजूत घातली. "जाताना पानी त्याच्याकडं, येताना तुज्याकडं. आपल्या पाटाच्या रस्त्याला न्हाई का, जाताना पाट डावीकडं आन येताना उजवीकडं?"

हे ज्ञानेश्वरीला पटलं. पण पटलं म्हणून जळणं थांबतं थोडंच! पार्थ "बगळे!" म्हणाला की तिचे कान तापत. "होडी!" म्हणाला की ती सीटवरून अर्धवट उठून त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघे. येताना ही होडी असेल का, बगळे थांबतील का, एवढाच घोर तिला लागला होता.

घाटघरला गाडी थांबली. रस्त्याकडेला भागूबाई मक्याची कणसं भाजत होत्या. काकांनी विचारलं, "मावशी, गाडी मागं वळवायला जागा हाय का कुठं?"

"मागं कशाला? रस्ता तळ्याला गोल फिरतोय. असंच पुढं रतनवाडीवरनं गेलं की शेंडीलाच निघताय."

पार्थला लगेच कळलं. "म्हणजे पाणी शेवटपर्यंत माझ्याच बाजूला!" तो कणीस नाचवत म्हणाला.

ज्ञानेश्वरीचे डोळे भरून आले.

"रडतीस काय, येडे? जागा बदला की दोघं," काका म्हणाले.

"मला त्याचं उरलेलं नको. त्यानं बघितलं तेच पाहिजे. सगळं."

"आन पुढचं राहिलं तर?"

"राहू दे. त्याचंही राहू दे."

काका हसायला लागले. आजी मात्र हसली नाही. "म्या शब्द दिलाय पोरीला, गोरख. वळीव गाडी."

गाडी वळली आणि तलाव ज्ञानेश्वरीच्या खिडकीत आला. ती आधी रुंद होऊन बसली, मग बघू लागली. होडी होती. बगळेसुद्धा होते. पार्थ गप्प होता, आणि ते तिला सगळ्यात गोड लागत होतं.

"पप्पा, थांबा!" पार्थ अचानक किंचाळला. "धबधबा! अरे, अजून एक! हा तर पार रस्त्यावर येतोय!"

त्याने काच खाली केली. गार तुषार आजीच्या लुगड्यापर्यंत आले. पार्थचे केस ओले झाले होते. तो आजीच्या पुढून वाकून ज्ञानेश्वरीकडे रागाने बघत म्हणाला, "जाताना हे सगळं तुझ्याकडं होतं ना? एकटीच बघत बसलीस. आम्हाला सांगितलं पण नाहीस!"

ज्ञानेश्वरीने त्यातला एकही धबधबा पाहिला नव्हता.

तिच्या काचेबाहेर अख्खा तलाव उन्हात चमकत होता. ती मात्र आजीच्या पाठीमागून मान काढून पलीकडे बघू लागली, तसा पार्थ रुंद होऊन बसला.