पंखावरचे तीन ठिपके

सुप्रियाच्या अगदी जिवावर आलं होतं तिथं शिरायला. चाकणच्या पलीकडचं सयाजीरावांचं गुलाबाचं पॉलिहाऊस. गेल्या चैत्रात इथला गडी नवनाथ इथंच कोसळला होता, फवारणी करता करता. आणि फवारणी कुणाच्या चिठ्ठीवर? तिच्याच.

आता बाई चिंचवडच्या कीड तपासणीच्या लॅबमधली, शिकलेली, दिवसाला दहा मळे पालथे घालणारी. पान घ्यायचं, पांढऱ्या कागदावर झटकायचं, पिवळं काही वळवळलं की फुलकिडे म्हणायचं आणि औषधाचं नाव लिहून मोकळं व्हायचं. शितावरून भाताची परीक्षा! त्या दिवशी तर भिंग पर्समधून बाहेरसुद्धा काढलं नाही. गाडी थांबली होती ना बाहेर! मग भर दुपारी, पडदे बंद करून, तोंडाला नुसता रुमाल बांधून नवनाथनं दोन फेऱ्या मारल्या आणि तिसरीत पडला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कागदावरचे किडे तिनं नमुना म्हणून नेले होते. दोन दिवसांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. फिकट पिवळं अंग, आणि पुढच्या दोन्ही पंखांवर तीन-तीन काळे ठिपके. या जातीचे फुलकिडे झाडाला हात लावत नाहीत. झाडाचा रस शोषणाऱ्या लाल कोळ्यांना ते खातात. राखणदारांनाच मारायला तिनं माणूस पाठवला होता! हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

तेव्हापासून नवनाथ काही तिचा पिच्छा सोडेना. डोळ्याला भिंग लावलं की मागं पंपाचा दांडा खटखट वाजायचा. आमटीवर मोहरी तरंगली तरी ती मोजत बसायची, तीनच आहेत का.

आजही खटखट झाली. तिनं दचकून मागं पाहिलं. पंप खराच होता, आणि तो पाठीवर घेऊन धर्माजी उभे होते, नवनाथचे वडील.

"पोराच्या जागी ह्यांनाच ठेवलंय," सयाजीराव म्हणाले. "बोला मॅडम, पुन्हा फुलकिडेच ना? मारायचं का औषध?"

तिनं एक पान कागदावर झटकलं आणि वर भिंग धरलं. तीन. दुसऱ्या पंखावरही तीन.

"नका मारू. मित्रकीड आहे ही. कोळी खाते."

धर्माजींनी तिच्या हातातलं भिंग घेतलं आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"मॅडम, गेल्या साली बी ह्येच व्हते का?"

'आता काय सांगणार' म्हटलं असतं तर सुटली असती. नोकरी राहिली असती, अब्रू राहिली असती. पण त्या म्हाताऱ्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना.

"हो. हेच होते. मी भिंगातून बघितलंच नाही. दोन दिवसांनी कळलं, तरी गप्प बसले. चुकले मी, काका."

धर्माजी ना रडले, ना ओरडले. त्यांनी पाठीवरचा पंप सावकाश खाली ठेवला.

"नवनाथला ठावं व्हतं," ते म्हणाले. "तुमची चिठ्ठी घिऊन जेवाया आला व्हता. म्हनला, आबा, ह्ये किडं कोळी खात्यात, म्या रोज बघतुय. म्या म्हनलं, मंग सांग की मॅडमला. तर हसला. म्हनला, त्या शिकल्याल्या हायती, त्यांनी नीट बघूनच लिवलं आसंल."