अंधाररावांची शाईपानं

इमारतीच्या मागच्या पट्ट्यात एकूण होतं ते असं: फुटक्या फरश्या एकतीस, गंजलेली पाण्याची टाकी एक, तळ नसलेल्या बादल्या दोन, कुणाच्या तरी न्हाणीघरातून निघालेलं कमोडचं झाकण एक, आणि एक मांजर, जे मोजणी चालू असताना तीन वेळा आडवं गेलं पण हिशेबात एकदाच धरलं. पट्ट्याची लांबी सव्वासहा मीटर, रुंदी पावणेदोन. ऊन सकाळी सात ते अकरा, समोरच्या दोन इमारतींमधल्या फटीतून येणारं, तिरपं आणि कोवळं. त्यानंतर दिवसभर सावली.

मोजणारे गृहस्थ तळमजल्यावर राहायचे. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांनी अडतीस वर्षं डार्करूममध्ये फोटो धुतले होते, म्हणून सगळी इमारत त्यांना अंधारराव म्हणायची. तोंडावर म्हणायची नाही, पण जिन्यात इतक्या मोठ्याने म्हणायची की तोंडावर म्हणण्याचे कष्ट वाचायचे.

या पट्ट्यावर डोळा होता इमारतीच्या सचिवांचा. सचिवांचं टायर-ट्यूबचं दुकान होतं आणि इमारतीत जितक्या जास्त दुचाक्या, तितकं इमारतीचं कल्याण, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांना तिथे पार्किंग हवं होतं. अंधाररावांच्या पलंगाजवळची खिडकी त्याच पट्ट्यावर उघडायची. पार्किंग झालं असतं तर पहाटे पाचपासून एकेक सायलेन्सर थेट उशीत बोलला असता. अंधाररावांच्या बायकोची झोप मुळात मांजराच्या पावलाने मोडणारी. तिला बागेचं कौतुक नव्हतं. तिला गाड्या नको होत्या, बस.

सभेत अंधारराव उठले आणि म्हणाले, "तिथे बाग करू. सावलीत येणारी बाग. शाईपानं लावतो मी. एकदा लावली की वर्षानुवर्षं त्याच जागी फुटत राहतात. आणि पानं काळी. शाईसारखी काळी!"

"काळी पानं म्हणजे वाळलेली पानं," टायरवाले म्हणाले. "तसली बाग आमच्या गॅलरीत आहे. ही रोज झाडून टाकते."

सभा हसली. अंधारराव हसले नाहीत. ते हट्टाला पेटले, आणि पेटलेला माणूस सभेत जे करतो तेच त्यांनी केलं: कुणी मागितली नव्हती ती अट स्वतःच घालून घेतली. बारा रोपं लावीन, नव्वद दिवसांत बारापैकी नऊ तरी काळीभोर करून दाखवीन, नाहीतर खुशाल गाड्या लावा.

"लिहून घ्या," टायरवाले लगबगीने म्हणाले.

"पण काळं ठरवायचं कुणी?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं. "यांना तर कालचा माझा निळा ड्रेसही काळाच दिसला."

तेव्हा अंधाररावांची सून उभी राहिली. ती रंगांच्या दुकानात यंत्रावर रंग मिसळायचं काम करायची, आणि दोन पांढऱ्यांमधला फरक सांगताना तिचा आवाज जरा वर जायचा. "आमच्याकडे शेडकार्ड असतं," ती म्हणाली. "त्यातल्या शेवटच्या ओळीतले तीन चौकोन. प्रत्येक रोपाचं नवं, पूर्ण उघडलेलं पान घ्यायचं. त्या तिनांत बसलं तर काळं, नाही बसलं तर नाही." कार्ड फुकट मिळणार होतं, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

रोपवाटिकेतून बारा रोपं आली. तळहाताएवढी पानं, कडा कातरलेल्या, रंग वांग्याच्या सालीहून गडद. देताना रोपवाटिकेच्या बाई म्हणाल्या होत्या, "काका, हे सावलीतलं झाड आहे, पण अंधारातलं नाही हं. सकाळचं कोवळं ऊन लागू द्या त्याला." अंधाररावांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा तिथेच काउंटरवर ठेवून घरी आले.

फरश्या उचलल्या, माती भुसभुशीत केली, पालापाचोळ्याचं खत मिसळलं, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर बारा खड्डे घेतले. इथपर्यंत कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. विसाव्या दिवशी नवी पानं फुटली, तेव्हा त्यांच्या देठापाशी किंचित हिरवट झाक दिसली. अंधारराव गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि अडतीस वर्षांच्या अनुभवाने निदान केलं.

"उजेड शिरतोय."

ट्रंकेतून डार्करूमचा जुना काळा पडदा निघाला. बांबू ठोकून त्यांनी रोपांवर मांडव घातला. आठवड्याने झाक वाढली. मग पडद्याची दुहेरी घडी झाली. पुढच्या आठवड्यात पान निम्मं हिरवं. कडेने विटा लावल्या. त्यापुढे विटांच्या फटींना चिकटपट्टी. पानं जितकी हिरवी, तितका पडदा घट्ट. आणि पडदा जितका घट्ट, तितकी पानं हिरवी. आपल्याच उपायाने वाढत जाणारा आजार पाहून ज्याला शंका येते तो साधा माणूस. अनुभवी माणूस डोस वाढवतो.

पाणी घालायला ते पडद्याचं टोक चार बोटं उचलायचे आणि श्वास रोखून झारीची चोच आत घालायचे.

"काय हो, आत बाळंतपण चाललंय का?" टायरवाले वरच्या गॅलरीतून विचारायचे.

"तुम्ही तुमची हवा भरा," अंधारराव खालून म्हणायचे.

सहासष्टाव्या दिवशी सुनेने पडदा उचलून पाहिला. आत बारा रोपं होती, ठणठणीत आणि पालकाच्या जुडीसारखी हिरवी. ती तशीच घरात आली. अंधारराव पेपर वाचत होते.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"डार्करूममध्ये उजेड आला तर काय व्हायचं?"

"सत्यानाश व्हायचा! एकदा शिपायाने दार उघडलं तर अख्खं पाकीट वाया गेलं होतं कागदाचं."

"वाया म्हणजे नक्की काय झालं कागदाला?"

"काय होणार? काळा ठिक्कर पडला..."

स्वयंपाकघरात भांडं पडल्यासारखा आवाज झाला, पण तो बायकोच्या हसण्याचा होता.

"उजेड लागला की काळा," सून म्हणाली. "अडतीस वर्षं तुम्ही हेच बघत होतात ना?"

"ते वेगळं," अंधारराव म्हणाले. "तिथे काळं होणं म्हणजे बिघडणं."

"आणि इथे?"

अंधाररावांनी पेपरची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली. अडतीस वर्षं उजेड हा शत्रू होता. त्या शत्रूने नेमकं केलं काय, हे तपासायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. दार लावलं की काम भागत होतं. सुनेने रोपवाटिकेला फोन लावला. बाईंनी सांगितलं की या पानातला जांभळा-काळा रंग उजेडातच तयार होतो, उजेड नसला की खालचं हिरवं तेवढं उरतं. सकाळचं ऊन द्या, नव्या पानाला रंग चढायला तीन आठवडे लागतील. आणि काकांना मी तेव्हाच सांगितलं होतं.

चोवीस दिवस उरले होते. तीन आठवडे म्हणजे एकवीस.

"झालं तर मग," बायको हात पुसत बाहेर आली. "काढा तो पडदा. आत्ताच्या आत्ता."

"किती?" अंधाररावांनी विचारलं.

"किती म्हणजे? सगळा!"

"किती वेळ उघडं ठेवायचं, ते विचारतोय. एक तास? दोन? चारही तास ऊन दिलं आणि पानं करपली तर? एक्सपोजर माहीत नसताना अख्खा कागद उघडा टाकणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा. आधी टेस्ट स्ट्रिप काढायची."

टेस्ट स्ट्रिप म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मोठा फोटो काढायच्या आधी कागदाची एक पट्टी घ्यायची, तिच्यावर पुठ्ठा धरून तो थोडा थोडा सरकवत जायचं. मग एका टोकाला जास्त उजेड, दुसऱ्या टोकाला काहीच नाही, आणि मध्ये पायऱ्या. कुठली पायरी बरोबर ते बघायचं आणि मग खरा फोटो काढायचा. एकदा त्यांच्या हाताखालच्या माणसाने घाईत हे टाळलं, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर एका पुढाऱ्याच्या जागी नुसता चष्मा छापून आला होता. हा किस्सा सुनेने लग्नाआधीच दोनदा ऐकला होता.

"बाबा, पट्टीला एकवीस दिवस लागले, तर खरा फोटो काढायला उरतात तीन."

"बघू."

"काय बघू? नऊ काळी हवीयत!"

"अहो," बायको म्हणाली, "हा कागद नाही. बारा रोपं आहेत. चुकलं तर पाकिटातून दुसरं काढता येणार नाही."

"म्हणूनच," अंधारराव म्हणाले, आणि घड्याळाला किल्ली द्यायला उठले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातला ते पट्ट्यात हजर. सातच्या ठोक्याला पडदा तीन रोपांवरून मागे. नऊला आणखी तीन उघडी. दहाला आणखी तीन. अकराला ऊन जायचं, आणि पडदा पुन्हा सगळ्यांवर. शेवटची तीन कधीच उघडायची नाहीत. म्हणजे पहिल्या तिघांना चार तास, पुढच्यांना दोन, त्यापुढच्यांना एक, आणि शेवटच्यांना शून्य. ढग आला की ते घड्याळ थांबवायचे, आणि उन्हं परतली की ढगाची मिनिटं वहीत उतरवायचे. निवृत्त झाल्यापासून इतके खुशीत त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. दाढी रोजच्या रोज. शिट्टीसुद्धा वाजवायला लागले.

पंच्याऐंशीव्या दिवशी पायऱ्या दिसायला लागल्या. एका टोकाला गडद, मग वाइनसारखं, मग तांबूस-हिरवं, मग स्वच्छ हिरवं. सून कामावर जाता जाता थांबली.

"बाबा, उत्तर मिळालं ना? चार तासांनी काहीही करपलेलं नाही. पाच दिवस आहेत. आता तरी सगळी उघडा. दोन तासवाल्यांना जोर येईल, एक तासवाल्यांतली एखाद-दोन आली तर आली."

"मध्येच एक्सपोजर बदललं तर पट्टी फुकट जाते."

"पट्टी फुकट गेली तर जाऊ दे ना! आपल्याला पट्टी दाखवायची नाहीये!"

"तू रंगाच्या दुकानात असूनही असं बोलतेस याचं वाईट वाटतं," अंधारराव म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून पडदा तीन रोपं मागे घेतला.

सुनेने पडद्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी क्षणभर दोन्हीकडून ओढलं. मग बांबू करकरला, आणि पडदा फाटण्यापेक्षा सुनेने हात सोडला. संध्याकाळी बायको औषधांच्या दुकानात जाऊन कापूस घेऊन आली. त्याचे दोन गोळे केले, कानात घालून पाहिले, काढले, जरा मोठे केले आणि उशीखाली ठेवले. अंधारराव वहीत आज ढगात गेलेली मिनिटं लिहीत होते.

बातमी इमारतीत पसरली आणि लोक पट्टा बघायला येऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, हे तर साडीच्या पदरासारखं दिसतंय. कुणी फोटो काढले. टायरवाले स्वतः खाली आले, कमरेवर हात ठेवून चार पायऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या आणि मनापासून म्हणाले, "मानलं तुम्हाला. माणसाने काम करावं तर असं." मग जाता जाता सव्वासहा मीटर पावलांनी मोजून गेले.

"बघितलंस?" अंधारराव सुनेला म्हणाले. "पायऱ्या किती स्वच्छ आल्यात. कुठेही एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. आता डोळे मिटून सांगतो, शाईपानाला चार तास. एक मिनिट कमी नको."

"हो बाबा."

"पुढच्या खेपेला बाराच्या बारा काळी करतो."

"पुढच्या खेपेला," सून म्हणाली.

नव्वदाव्या दिवशी सकाळी साडेअकराला, ऊन गेल्यावर, सगळे पट्ट्यात जमले. सूर्यप्रकाशात रंग फसवा दिसतो म्हणून सावलीतच बघायचं, हे सुनेने ठरवलं होतं आणि ते कुणाच्या फायद्याचं आहे याचा विचार केला नव्हता. टायरवाल्यांनी चष्मा पुसला. बायको खिडकीत उभी होती. अंधारराव पडद्याची घडी काखेत धरून बाजूला उभे राहिले, परीक्षेला नाही तर प्रदर्शनाला आल्यासारखे. सून एकेका रोपापाशी वाकली, नवं पूर्ण उघडलेलं पान दोन बोटांत धरलं, कार्डाची शेवटची ओळ त्याला लावली, आणि मोठ्याने सांगत गेली. टायरवाले लिहीत गेले. वाद एकाही पानावर झाला नाही. शेवटी कागदावर सचिव आणि अंधारराव, दोघांच्या सह्या झाल्या. कागदावर होतं ते असं:

चार तास ऊन, रोपं तीन: काळी तीन.
दोन तास, रोपं तीन: काळी दोन, जांभळट एक.
एक तास, रोपं तीन: जांभळट तीन.
शून्य तास, रोपं तीन: हिरवी तीन.
एकूण रोपं बारा. जिवंत बारा. काळी पाच.