परसातला फ्लॉवर

आईच्या परसबागेकडे पाहिलं की भरतला हसू यायचं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. पिंपळवंडीत तीन एकर फ्लॉवर ठिबकवर उभा करणारा माणूस तो, आणि त्याची आई धोंडाबाई मोरीच्या सांडपाण्यावर अर्ध्या गुंठ्यात शेती शेती खेळत होती! गणपती उठले की म्हातारीचं सुरू. फुटक्या घमेल्यात फ्लॉवरचं बी टाकायचं, ऑक्टोबरच्या उन्हात रोपं करपू नयेत म्हणून चार काठ्यांवर जुनं लुगडं ताणायचं, दिवस कलल्यावर तांब्या-तांब्यानं पाणी घालायचं. दसऱ्याला रोपं लावायची, मधल्या जागेत मेथी आणि मुळा. मावा पडला की चुलीतली राख.

"आये, रोपांना आता कुंची शिव," तो म्हणायचा.

"तू तुझं बघ," म्हातारी मान वर न करता म्हणायची.

एवढा खटाटोप करून मार्गशीर्षात हाती काय, तर मुठीएवढे पिवळट गड्डे, पानांची चाळण झालेली आणि देठात एखादी लठ्ठ अळी. भरतच्या रानातले गड्डे दुधासारखे पांढरे. चार दिवसांआड फवारणी, अळीची काय बिशाद! त्याला त्या परसाची मनापासून लाज वाटे. यंदा हंगाम संपला की ते गबाळं मोडून तिथे क्रेट ठेवायला पत्र्याची शेड घालायची, हे त्याचं ठरलंच होतं.

त्या दिवशी पाहुणी मोठी होती. पुण्यात सोसायट्यांना भाजी पुरवणारी तेजस्विनी हंगामभर त्याचाच फ्लॉवर उचलायला तयार झाली, तर बाजारात गाडी लावून दलालाच्या तोंडाकडे बघत उभं राहणं संपणार होतं. तिने रान पाहिलं, गड्डे हातात घेऊन पाहिले आणि जेवायला बसली. भरतच्या बायकोने, स्नेहलने, बाजरीची भाकरी आणि फ्लॉवरची भाजी वाढली. तेजस्विनीने भाजी दोनदा मागून घेतली.

"काय चव आहे हो!"

"आपल्याच रानातला," भरत फुशारला. या शहरातल्यांना काय डोंबल कळतंय, असंही त्याला वाटून गेलं.

"मग ठरलं समजा. आणि चार गड्डे मला वेगळे द्या. मुलगा दीड वर्षाचा आहे, त्याला उकडून भरवीन."

भरतने क्रेटमधले चार टपोरे गड्डे पिशवीत भरले. ओट्यावर दोघी नातींबरोबर शेंगा सोलत बसलेली धोंडाबाई उठली. तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली, गड्डे परत क्रेटमध्ये टाकले आणि विळा घेऊन परसात गेली. आली ती दोन पिवळट गड्डे घेऊन.

"हे ने बाई लेकराला. त्यो इकायचा हाय. आमच्या घरात न्हाई शिजत त्यो."

बोलण्यात ना राग, ना टोमणा. जगाला ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं.

"म्हातारीचं काय मनावर घेता, ताई," भरत हसला. "जुनं माणूस."

तेजस्विनी हसली नाही. "वहिनी, मी आत्ता खाल्ला तो कुठला?"

स्नेहलने नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "परसातला. रानातला आणायचं डोक्यातच आलं न्हाई."

"आणि तुमच्या मुली कुठला खातात, भरतभाऊ?"

एकदा तरी, कुठल्या तरी साली, रानातला गड्डा चुलीवर चढला असेलच की! भरतने आठवून पाहिलं. पोरी लहान असताना, नाही. स्नेहल लग्न होऊन आली तेव्हा, नाही. एकदा त्याने स्वतःच चुकून एक घरात आणला होता, आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच उचलून म्हशीपुढे टाकायला गेला होता. आणि मग म्हैस गाभण आहे हे आठवून तिथूनही परत घेऊन आला होता.