तीन आरशांची घुमटी

मित्रांनो, माझ्यातून आरपार दिसते, म्हणून लोकांना वाटते की मला सारे कळत असावे. प्रत्यक्षात मी एक जुनी, गोंधळलेली काचेची घुमटी आहे. ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर मिठागरांचे एक गाव आहे. तेथे भिंतीतल्या चुलीवरच्या फळीवर माझे आयुष्य गेले. पाहिले पुष्कळ, उमगले थोडे.

माझा जन्म भट्टीत झाला. एका कारागिराने नळीतून फुंकर घालून मला फुगवले. दुसऱ्याने काळ्या लाकडाच्या बैठकीवर लाल मखमलीची उशी बसवली, तिच्याभोवती पितळी पाने जोडली आणि पानांमध्ये आरसे लावले. वधूच्या मस्तकावरचा, मेणात घडवलेल्या संत्र्याच्या फुलांचा मुकुट लग्नानंतर अशा घुमटीत ठेवतात. तो ठेवला की काच पुन्हा उचलायची नाही, अशी आमच्याकडची रीत. मधला मोठा आरसा दांपत्याचा. त्याखाली शंकरपाळ्याच्या आकाराचे छोटे आरसे. लग्नापूर्वी दोघांची जितक्या वर्षांची ओळख, तितके. ती संख्या वधूने वराला सांगून पाठवायची. घरी आलेला पाहुणा आधी ते आरसे मोजतो आणि मग बसतो.

माझ्यात असे तीन आरसे होते.

ते जिच्यासाठी बसवले, तिचा मुकुट काही हिवाळे माझ्या उशीवर विसावला होता. मला मऊ फडक्याने पुसताना ती गुणगुणत असे. मग ती गुणगुण थांबली. अनोळखी हातांनी मुकुट काढून घेतला आणि मला जत्रेतल्या जुन्या सामानाच्या गाडीवर नेऊन ठेवले. तिचे काय झाले, हे मला कोणीच सांगितले नाही. वस्तूला कोण सांगणार?

त्या गाडीवरून मला गेनोलेने उचलले. तो मिठागरावर राबणारा, रुंद खांद्यांचा, अबोल तरुण. त्याचे लग्न ठरले होते आणि नवी घुमटी घेण्याची त्याची ऐपत नव्हती. दुसरीच्या संसाराची घुमटी घरात आणणे हा अपशकुन, शिवाय भारी नामुष्कीही. त्याने मला गवतात गुंडाळले आणि घरी येऊन सांगितले, "नांत शहराहून नवी मागवली." आरशांकडे त्याचे लक्षही गेले नाही.

शेजारच्या फिलोमेनचे मात्र गेले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यांचे ताट घेऊन आली आणि माझ्यासमोर थबकली.

"अगं बाई, तीन! पण ही नवरी ओनोरीन तर गेल्या साली मीठ वाहायला आली आपल्या गावात. पेलाजी, तुझा लेक काय तिला स्वप्नात भेटत होता?"

पेलाजी म्हणजे गेनोलेची आई. ती हसली नाही. ती नव्या सुनेकडे वळली. "सूनबाई, एक वर्ष माझ्या लेकाचं. उरलेली दोन कोणाची गं?"

ओनोरीनने नवऱ्याकडे पाहिले. तो आपल्या लाकडी जोड्यांकडे पाहत होता.

"आहेत तेवढे आहेत, आई," ती शांतपणे म्हणाली. "धिरडी निवताहेत."

मला वाटले, तो आता बोलेल. एका वाक्याचे तर काम होते. तो बोलला नाही, आणि तेव्हापासून माझ्या संभ्रमाला आरंभ झाला.

गावात कुजबुज पसरली. ओनोरीन विहिरीवर गेली की बायका घागरी उचलून निघून जात. मिठाने भरलेली पाटी डोक्यावर चढवायला एकमेकींना हात देण्याची आमच्याकडे पद्धत. तिला कोणी हात देईना. ती गुडघे टेकून एकटीच पाटी घेई आणि भिंतीला धरून उठे. त्या उन्हाळ्यात ऊन पडलेच नाही. वाफ्यांत जमू लागलेले मीठ पावसाने पुन्हा पाण्यात विरघळवले. घरात कोबीचे पाणीदार सार आणि खारवलेली तारली मासळी, एवढेच शिजे. पहाटे गेनोले तिच्या आधी उठून तिच्या लाकडी जोड्यांत निखारे फिरवून ते उबदार करून ठेवी. मित्रांनो, जो माणूस बायकोचे जोडे असे उबवतो, त्याला तिच्यासाठी एक खरे वाक्य का उच्चारता येऊ नये? मी माझ्या परीने पुष्कळ विचार केला. काचेच्या विचाराला मर्यादा असतात.

एकदा पेलाजी म्हणाली, "ते दोन आरसे उपटून टाक. लोकांची तोंडं तरी बंद होतील."

"उपटले तर चोरी कबूल केल्यासारखं होईल," ओनोरीन म्हणाली. "राहू देत."

पुढच्या उन्हाळ्यात तिला मुलगी झाली. पहिल्या नातीला बाप्तिस्म्याच्या वेळी आजीने हातांवर घ्यायचे आणि स्वतःचे नाव द्यायचे, हा इथला नेम. जिला आजीने नाकारले, तिला गाव जन्मभर तिरप्या नजरेने पाहते. त्या सकाळी पेलाजीने कडक पांढरी टोपी घातली, शाल घेतली, आणि ती बाकावर बसून राहिली. चर्चची घंटा सुरू झाली.

"आई, उशीर होतोय," गेनोले म्हणाला.

"होऊ दे. त्या दोन वर्षांत कोण होता ते कळल्याशिवाय मी या पोरीला हात लावणार नाही. माझं नाव काही रस्त्यावर पडलेलं नाही."

ओनोरीनने बाळाला उराशी घट्ट धरले.

तेव्हा गेनोले माझ्याकडे आला. त्याने माझी काच उचलली! पेलाजीने छातीवर क्रुसाची खूण केली. त्याने मुकुट बाजूला ठेवला आणि उशी आईसमोर धरली.

"आधीच्या मुकुटाचा हा खळगा बघ, आई. केवढा रुंद आहे! आणि ओनोरीनचा मुकुट बघ, एवढासा. ही घुमटी जुनी आहे, जत्रेतली. आरसे दुसऱ्याच कोणाचे. हिनं मला एकच आरसा सांगितला होता."

"नांतहून आणली म्हणालास!"

"खोटं बोललो."

"मेल्या! लोक हिला काय काय बोलले, आणि तू मान खाली घालून सार भुरकत होतास? मला पार चेटकीण करून टाकलंस की रे!" मग ती सुनेकडे वळली. "आणि तुला गं? तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं. मुकुट ठेवला तेव्हाच खळगा दिसला."

"मग तोंडात काय मिठाचा खडा धरून बसली होतीस?"

"मी बोलले असते, तर गाव यांना हसलं असतं. यांनीच सांगावं म्हणून थांबले." ओनोरीनने नवऱ्याकडे पाहिले. "अजून किती थांबले असते, ते मात्र विचारू नका."

पेलाजीने काही क्षण दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग हात पुढे केले. "आण ती पोर इकडे. घंटा थांबायच्या आत पोचायला हवं. आणि वाटेत फिलोमेन भेटली तर बोलायचं काम माझं."

त्या दुपारी, छोट्या पेलाजीला पाळण्यात घातल्यावर, गेनोले सुरी घेऊन माझ्यापाशी आला. जादा आरसे उचकटण्यासाठी त्याने पाते टेकवले, तोच ओनोरीनने त्याचा हात धरला.

"नका काढू. कोणाची तरी तीन वर्षं आहेत ती."

तिने आपला लहान मुकुट त्या रुंद खळग्याच्या मधोमध ठेवला आणि काच हळूच माझ्या बैठकीवर टेकवली.

मित्रांनो, माझ्या पहिल्या स्वामिनीची आठवण काढणारी ती एकटीच. जे प्रेम मुकाट्याने जोडे उबवते आणि जे प्रेम मुकाट्याने वाट पाहते, त्यांतले थोर कोणते, हे मला आजही ठरवता आलेले नाही. आता मी छोट्या पेलाजीच्या पणतीच्या घरी कपाटावर, धुळीखाली आहे. आपल्या घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला मऊ फडक्याने पुसत जा. आणि तिच्यातल्या खुणा मोजून कोणाविषयी मत बनवण्याआधी, त्या कोणाच्या आहेत, एवढे विचारा. तीन वर्षे जपून ठेवणारी ती गुणगुणती मुलगी कोण होती, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.